फायबरचे बारा सिंह

घाटाजवळच्या मढ गावातल्या त्या फार्महाउसच्या मालकाबद्दल बोलताना माझी जीभ आजही कडू होते.

मी अवसरी बुद्रुकच्या सुताराचा मुलगा. पुण्यात जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात वीस वर्षं काढली आणि गावी परतलो. मालक बांधकामातून निवृत्त झालेला. फोनवर म्हणाला, "चारशे वर्षांचं फ्लेमिश कॅबिनेट आहे. दारं अडकतात." फ्लेमिश हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू त्याचे आजोबाच तिकडचे.

फ्लेमिश म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातलं. कारखान्यात अशी दोन कपाटं माझ्या हाताखालून गेली होती, म्हणून थोडं ठाऊक होतं. अँटवर्प हे बंदराचं शहर. जहाजांतून लांबच्या देशांतलं आबनूसचं काळं लाकूड आणि कासवाची पाठ यायची. कारागीर ती साध्या लाकडाच्या सांगाड्यावर चढवायचे. आत छोटे छोटे खण, एखादा चोरखण, दारांना आतून चित्रं. व्यापारी त्यात नाणी आणि शिंपले ठेवायचे आणि पाहुण्याला एकेक खण उघडून दाखवायचे. म्हणजे ही वस्तू जन्मालाच मिरवण्यासाठी आलेली. दुसरा प्रकार ओकच्या कोरीव कपाटांचा: सिंहाची तोंडं, द्राक्षांचे वेल. खूप पुढे या कपाटांची पुन्हा टूम निघाली, तेव्हा तिकडच्याच सुतारांनी जुन्या चर्चमधले कोरीव तुकडे जोडून 'प्राचीन' कपाटं बनवली आणि शहाण्यासुरत्या लोकांच्या गळ्यात मारली. लबाडीसुद्धा आजकालची नाही.

मालकाचं कपाट दिवाणखान्यात, घाटाकडच्या ओल धरलेल्या भिंतीला टेकवलेलं. मढचं धुकं पावसाळाभर घरात शिरतं. लाकूड फुगणार नाही तर काय करणार? दोन्ही दारांवर मिळून बारा सिंह कोरलेले.

"हात लावून बघा," मालक म्हणाला. "असं काम आता आपल्याकडे होत नाही."

माझ्या बापाने आयुष्यभर दारांच्या चौकटी कोरल्या, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

मालक गावात गेला तेव्हा तिथला राखणदार मदतीला आला. बोरी बुद्रुकचा, माझ्याच वयाचा. घरची मेंढरं भावाकडे सोपवून इथे नोकरीला लागलेला. तो बराच वेळ दारांकडे बघत राहिला.

"मिस्तरी, एक इचारू?"

"विचार की भाऊ."

"मेंढरं बाहेरच्या माणसाला सारखीच दिसत्यात. पण आमी तोंडावरनं वळखतो, परत्येकाचं येगळं. ह्या सिंव्हांचं तसं न्हाई. बाराच्या बारा येकच हायती. डाव्या कानाची चीर बगा. समद्यांना."

मी बघितलं. खरंच होतं. वीस वर्षं या धंद्यात घालवलेला मी मघापासून मालकाचा तोरा बघत बसलो होतो आणि कपाट बघायचं विसरलो होतो. एका सिंहाच्या मानेमागे पातं घासलं. तपकिरी पॉलिशखाली पांढरं फायबर निघालं. साच्यात ओतलेलं, गोंदाने चिकटवलेलं.

मग दोघांनी मिळून कपाट भिंतीपासून ओढलं. मागच्या फळ्या जुन्या ओकच्या होत्या, हाताने तासलेल्या. लाकडी खुंट्या मारलेल्या, खिळा एकही नाही. आतले खणही तसेच. कुणीतरी खरा जुना सांगाडा घेऊन त्याच्या तोंडावर हा मुखवटा डकवला होता. सांगाडा चारशे वर्षांचा होता की दोनशे, मी सांगू शकत नाही. पण तो खरा होता.

मालक परत आल्यावर त्याला सगळं दाखवलं. वाटलं, लाजेल, निदान कपाट विकणाऱ्या दलालाला शिव्या देईल. त्याने कपाळाला आठी घातली.

"सिंह निघणार नाहीत ना?"

"ते घट्ट आहेत. पण साहेब, अस्सल वस्तू मागे आहे."

"ते काळं पडलंय. वास येतो. काढून टाका सगळं, प्लायवूड बसवा. लोक पुढूनच बघतात."

मी वाद घातला. तो मोबाइल बघत राहिला. शेवटी मीच प्लायवूड बसवलं, हे लपवत नाही. मी नाही तर दुसऱ्या कुणी बसवलं असतं, अशी स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीची किंमत मला तेव्हाही माहीत होती. निघताना म्हणालो, "त्या फळ्या आणि खण मी नेऊ का?"

तसे त्याचे डोळे बारीक झाले. "तुम्हाला कशाला हवेत? म्हणजे त्यांना भाव आहे तर. राहू द्या इथेच."

पंधरा दिवसांनी राखणदाराचा फोन आला. "मिस्तरी, मालकानं फळ्यांचा भाव इचारून बगितला, कुनी घेतल्या न्हाईत. शनवारी पावणं आलं व्हतं. शेकोटी केली. तुमच्या फळ्या लई झ्याक पेटल्या, असं म्हणत व्हते."

मला हसू आलं, वाईट हसू. ज्याला ते लाकूड मिरवता आलं नाही, त्याने ते दुसऱ्याला जपूही दिलं नाही. वर पाहुण्यांना तो फायबरचे सिंह दाखवत असणार, एकेकाच्या आयाळीवरून हात फिरवत.

त्या पावसाळ्यानंतर एका कामासाठी बोरीला जाणं झालं. राखणदार सुट्टीवर घरी होता, चहाला घेऊन गेला. ओसरीत कोनाड्याखाली एक लहानसा ओकचा खण ठेवलेला. आत मेंढरांच्या औषधाच्या बाटल्या, दोरा, लोकर कातरायची कात्री.

"जाळाच्या आदी एक उचलला," तो म्हणाला.

मी खण हातात घेतला. कोपऱ्यातल्या खाचा थोड्या वाकड्या होत्या. करणाऱ्याचा हात घाईत असावा, किंवा थकलेला. तरी सांधा हलत नव्हता.

"मला देतोस? बदल्यात सागवानी पेटी करून देतो."

"न्हाई राव," त्याने खण काढून घेतला आणि बाटल्या पुन्हा सरळ केल्या. "ह्यात समदं बराबर बसतंय."

मी पुन्हा मागितलं नाही. चहा पिऊन निघालो.