सिस्टरांचा शनिवारचा वर्ग

"आधी विचारावं, मग करावं." सिस्टरांचं हे वाक्य आमच्या गल्लीत पोराटोरांनाही पाठ होतं. कोणी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घ्यायला गेलं, तरी त्या ती मागे ओढायच्या आणि चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "विचारलंस का मला?" विचारलं की हसून देऊन टाकायच्या. आता एवढ्याशा पिशवीसाठी कशाला हा तमाशा, असं मला वाटायचं. मी तोंडावर बोलूनही दाखवायची. माझं तोंड तसं बरं नाहीच, गिरणीच्या आवाजात बोलून बोलून ते मोठंही झालंय.

हो, माझी जळगावात पिठाची गिरणी आहे. सिस्टरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा गव्हाचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आधी गिरणी झाडून पुसून दे, मग माझे गहू टाक. दुसऱ्या पिठाचा कण नको." माझ्या जात्यात नुकतंच कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं दळण झालेलं, रांग दारापर्यंत. मी म्हटलं, "बाई, हे काय ऑपरेशन थिएटर आहे का?"

"नाही ना, म्हणून तर सांगते."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या आणि मला झक मारत जातं उघडावं लागलं. मग कळलं, त्यांचा बिनखमिरीच्या भाकरीचा सण होता. त्या बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण मराठी बोलणारे, कोकणातले, आडनाव आपल्यासारखंच गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लावलेलं. साडी नेसायच्या, अंबाडा घालायच्या. कोणी सांगितल्याशिवाय तुम्हीही ओळखलं नसतं.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला बोटभर लांबीची पितळी डबी तिरकी ठोकलेली होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती बेल समजून दाबत बसले. दार उघडून त्या म्हणाल्या, "त्यात देवाचे शब्द आहेत. तू त्यालाच दाबत होतीस." मी जीभ चावली. "असू दे," म्हणाल्या, "ऐकलं असेल त्यानं. ये आत."

शनिवारी दुपारी आमच्याकडे लाईट जायची आणि गिरणी बंद पडायची. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही, लिहायचं नाही. मी म्हणायची, "सिस्टर, वीज कंपनीनं तुमचा सण फारच मनावर घेतलाय." अशा बंद पडलेल्या शनिवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. शेजारच्या शकीला आपा यायच्या. मोहल्ल्यात कोणी बाई गेली की तिला अंघोळ घालायला आपांनाच बोलावणं असायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई यायच्या. त्यांना टिपणं काढायची भारी हौस, आणि सिस्टर लिहू द्यायच्या नाहीत. "तोंडपाठ करा. हात रिकामे ठेवा." बाईंचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

अशी ती आमची प्रौढ शिक्षणाची शाळा. सृष्टी कशी झाली, सातवा दिवस का पाळायचा, एकाच चुलीवर दूध आणि मटण का मिसळायचं नाही, सगळं आम्ही विचारायचो. देवासाठी पोटच्या मुलाचा बळी द्यायला तयार झालेल्या अब्राहामाची गोष्ट निघाली की आपा मान डोलवायच्या, "ये तो हमारे यहाँ भी है." मग दोघींची जुंपायची, कोणत्या मुलाला वेदीवर नेलं त्यावरून. सिस्टर कधी कोणाला गप्प करायच्या नाहीत. प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा फुलायचा. पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा मलिदा समोर यायचा, आणि खाता खाता आणखी एक प्रश्न निघायचा.

पण हा वर्ग हौसेचा नव्हता, हे आम्हाला एका शनिवारी कळलं. त्या आठवड्यात त्यांच्या छातीत दोनदा दुखून गेलं होतं. त्या नर्स होत्या, त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही बसलो तशा त्या म्हणाल्या, "आज मी तुम्हाला माझं मरण शिकवणार आहे."

"काहीतरी अभद्र बोलू नका," मी ओरडले.

"ऐकून घे. मग ओरड."

आणि त्यांनी नवऱ्याची गोष्ट सांगितली. नवरा धुळ्याला एसटी डेपोत होता. सिस्टर आईच्या आजारपणात मुंबईला गेलेल्या, आणि इकडे तो कामावरच कोसळला. भर उन्हाळा. मूल नाही, जवळचं कोणी नाही. त्याचा जिवलग मित्र, डेपोतलेच ड्रायव्हर नाना, यांनी सगळं अंगावर घेतलं. आपल्या पैशानं लाकडं आणली, मुलगा नाही म्हणून स्वतः डोकं भादरलं, अग्नी दिला, मुडावदच्या संगमावर जाऊन तापीत अस्थी सोडल्या. सिस्टर पोचल्या तेव्हा नाना भादरलेल्या डोक्यानं दारात उभे होते. "वहिनी, काही कमी पडू दिलं नाही," एवढं बोलून ते लहान पोरासारखे रडले.

"आमच्यात जाळत नाहीत, नानाला ते ठाऊक नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "मातीतून आला, मातीत ठेवायचा. अख्खा. धुऊन, पांढऱ्यात गुंडाळून. त्याची एक जागा असते. जाऊन बसायला, दगड ठेवायला. मला जागाच नाही. तापी कुठे कुठे वाहते, मी कुठल्या काठावर बसू?"

"मग तुम्ही नानांना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हात जोडले. प्रेमानं केलं गं त्यानं. अजून दर पितृपक्षात आपल्या बापाच्या पानाशेजारी माझ्या नवऱ्याचं पान मांडतो. त्याला मी काय सांगू?"

शाळेच्या बाई डोळे पुसू लागल्या. मला मात्र राग आला. कोणाचा ते कळेना. मी म्हटलं, "पुण्या-मुंबईला तुमचे लोक आहेत, भाची इस्राएलला आहे, जा की तिकडे!"

"सगळा जन्म खान्देशात गेला. तिथे मला कोण ओळखतं? आणि वेळेवर मला तिथवर नेणार कोण? तुम्हीच आहात. माझ्या बाबतीत पुन्हा तसं होऊ देऊ नका. पाया पडते."

आणि खरंच वाकल्या. आयुष्यभर डॉक्टरांनाही दटावणारी ती बाई आमच्या पायाशी वाकली. आपांनी त्यांना मध्येच धरलं.

मग त्या कॉटवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "चला, धुवा मला." आम्ही बघतच राहिलो. "अंगावर चादर राहू द्यायची. पालथं कधी करायचं नाही. डोकं आधी, मग उजवी बाजू, मग डावी." रिकामा तांब्या हातात घेऊन मी कशीबशी पुढे झाले आणि घाबरून त्यांचा डावा हात धरला. डोळे मिटूनच त्या खेकसल्या, "उजवा आधी!" आपा म्हणाल्या, "हमारे यहाँ भी सीधा पहले." पायाशी पोचल्यावर सिस्टरांना गुदगुल्या झाल्या, त्या खुदकन हसल्या, आम्हीही हसलो. हसता हसता माझ्या तळहाताला त्यांच्या पायाची ऊब लागली. हा पाय गार झाल्यावर मला पुन्हा धरायचाय, हे तेव्हा कळलं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी तेच. मरणाऱ्याच्या कानात म्हणायची ओळ त्यांनी घोटून घेतली, "शेमा इस्राएल" पासून शेवटपर्यंत. दळताना माझ्या तोंडी तीच यायची. आपांचे दीर कब्रस्तानच्या कमिटीवर होते. आपा सिस्टरांना घेऊन त्यांच्याकडे गेल्या. म्हातारे जरा घुटमळले, मग म्हणाले, "किताबवाली हैं, अल्लाह की भेजी किताब को मानती हैं. दीवार के पास जगह दे देंगे." त्या दिवशी सिस्टर घरी आल्या त्या माहेराहून आल्यासारख्या. गल्लीत पेढे वाटले त्यांनी. कबरीची जागा मिळाली म्हणून पेढे वाटणारं माणूस तुम्ही पाहिलंय का कधी? मी पाहिलंय, आणि तो पेढाही खाल्लाय.

एक गोष्ट मात्र राहिली. मेलेल्यासाठी म्हणायची त्यांची एक प्रार्थना असते, तिला दहा पुरुष लागतात. "हात्तिच्या, दहा आत्ता आणते गल्लीतून," मी म्हटलं.

"आमचे लागतात गं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ते राहू दे. तेवढं नाही झालं तरी चालेल. पण जाळू नका."

मागच्या वैशाखात धुळ्याहून निरोप आला. नाना अंथरुणाला खिळलेत, वहिनींना एकदा भेटायचं म्हणतात. नवरा गेल्यापासून सिस्टर धुळ्याला गेल्या नव्हत्या. नानाच इकडे यायचे. मी बसस्टँडवर सोडायला गेले आणि म्हटलं, "या निमित्तानं नानांना सांगून टाका खरं काय ते. तुमच्या मनावरचं ओझं उतरेल."

"मरणाऱ्या माणसाला? त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पुण्य आहे ते. वेडी का तू?" गाडी लागली. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाल्या, "शनिवारच्या आत येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, कधी येताय विचारायला मी फोन केला. उचलला नानांच्या सुनेनं.

"कोण? जळगावहून का? बरं झालं हो तुम्ही फोन केला, आम्हाला तो फोन उघडता येईना, कोणाला कळवावं समजेना. ताई गेल्या. पहाटे झोपेतच. ऊन किती आहे बघताय ना, ठेवणार कसं? आत्ताच घाटावरून आली सगळी. त्यांच्या मिस्टरांचं केलं होतं, अगदी तसंच केलं. तोंडात तुळस, गंगेचं पाणी, सगळं. काही कमी पडू दिलं नाही."

फोन माझ्या हातातच राहिला. गिरणी चालू होती. जात्यातलं धान्य संपून दगडावर दगड घासायला लागला, तो आवाज ऐकून आपा धावत आल्या.

आम्ही गाडी केली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मी एकसारखी बडबडत होते. सोडणार नाही म्हाताऱ्याला. तोंडावर सांगणार, तू दोन्ही वेळा काय केलंस ते. एवढी शिकवण, एवढे शनिवार, एवढी पाया पडली ती बाई, आणि शेवटी तेच! आणि सिस्टर, तुम्ही! अख्ख्या गल्लीला शिकवलंत, आपांच्या दिरापर्यंत गेलात, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या एकट्याला जपत बसलात!  आपांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

नाना बाजेवर होते. हाडांचा सापळा नुसता. सुनेनं कानात सांगितलं, वहिनींच्या घराजवळच्या आल्यात. त्यांनी मला जवळ बोलावलं. मी दात आवळूनच गेले. ते अहिराणीत बोलत होते, आवाज अगदी खोल गेलेला. "तिना नवराले मी पोहोचाडं. तिले मना पोऱ्यास्नी पोहोचाडं. त्याच जागावर. मी खाटवरथीन उठू शकनू नही, बेटा." मग बराच वेळ दम घेतला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "बठ्ठं बरोबर व्हयनं ना? काही चुकनं नही ना?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. आयुष्यात मी कधी कोणाचं ठेवून घेतलेलं नाही.

"नही नाना," मी म्हटलं. "काही चुकनं नही."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं, ते मी माझ्या पदरानं टिपलं. अस्थी आम्ही नेतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मुडावदलेच ना? मी हो म्हटलं. बाहेर आले आणि ओसरीच्या खांबाला धरून एवढी रडले, की नानांची सूनच मला समजावायला लागली.

सकाळी नानांच्या मुलांबरोबर घाटावर गेलो. धुवायला काही उरलं नव्हतं. आपांनी आणि मी मिळून दिसेल तो कण वेचला, मुलं म्हणाली बास झालं, तरी वेचत राहिलो. मडकं मांडीवर घेऊन मी जळगावपर्यंत आले.

आपांचे दीर कब्रस्तानाच्या फाटकात उभे होते. तिथे बायका आत जात नाहीत, पण त्या दिवशी आम्हाला कोणी अडवलं नाही. शाळेच्या बाईसुद्धा आल्या होत्या. भिंतीजवळ खणणाऱ्यानं मडक्याकडे पाहिलं आणि हातभर रुंदीचा खड्डा घ्यायला सुरुवात केली.

"एवढीशी कबर नको," मी म्हटलं. "माणसाची खण."

तो कुदळ टेकवून उभा राहिला. "ताई, पण ठेवायचं एवढंसंच आहे ना?"

आपा पुढे झाल्या. एरवी परक्या पुरुषासमोर त्यांचा आवाज निघत नाही.

"पूरी खोदो," त्या म्हणाल्या. "हमारी सिस्टर हैं."

खडकाळ जमीन, वरून आमच्या जळगावचं ऊन. त्यानं शर्ट काढून बाजूला ठेवला आणि डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण कबर खणली.