भिंतीच्या रंगाची साडी

माझी शाळा चौथीपर्यंत. सिनेमावर लिहिणं माझं काम नाही, पण हा सिनेमा माझ्या घरात शिरला म्हणून लिहिते.

जुना फ्रेंच सिनेमा होता. त्यात सगळे गाऊनच बोलतात. गाडीत काय बिघडलं तेही गॅरेजवाला गाऊन सांगतो. खालची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून नात शेजारी बसून सांगत होती. सिनेमातल्या पोरीचा मित्र लढाईवर जातो. ती वाट बघते. तिची आई गोड गळ्यानं तिला रोज समजावते आणि शेवटी एका पैसेवाल्याशी तिचं लग्न लावून देते. घराच्या भिंती गुलाबी, निळ्या, मोठ्या फुलांच्या, आणि पोरीचा फ्रॉक अगदी भिंतीसारखा.

सून म्हणाली, "आई, रंग बघा ना, किती सुंदर!"

मी म्हटलं, "पोर भिंतीत बुडून राहिली अन् तुला रंग दिसून राहिले?"

नात हसली नाही. तिचा मित्र फौजेत आहे, दूर बर्फात. घरात सगळ्यांना माहीत आहे. सून तेवढी माहीत नसल्यासारखी वागायची, कारण नागपूरच्या बँकेतल्या मुलाचं स्थळ आलं होतं.

मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आमच्यात घराला रंग काढतात. माझ्या वेळी चुना मारला होता. आम्ही राहतो हिंदी मुलखात; सुनेनं इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून पेंटर बोलावला आणि त्याला मोबाईलवर तो सिनेमा दाखवला.

"दीदी, ये तो शादी का पंडाल हो जाएगा," तो म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. बैठकीची भिंत गुलाबी झाली, वर फुलांचा कागद चिकटला. मग त्याच रंगाची साडी आणली. पाहुण्यांपुढे पोरीला नेमकं त्या भिंतीला टेकून बसवलं. तिचं तोंड आणि हात तेवढे दिसत होते. मुलाची आई म्हणाली, "वा, मॅचिंग छान जमलंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडेल का, बदलीच्या गावी राहील का, सगळं त्या बाई सुनेलाच विचारत होत्या आणि सून हो-हो करत होती. जिचं लग्न तिला कोणी एक शब्द विचारला नाही.

मी म्हटलं, "पोरी, तिथून ऊठ. इकडे माझ्याजवळ ये. तुला हे लग्न करायचं आहे का?"

"आई, आपण नंतर बोलू ना," सून म्हणाली.

"नंतर काहून? हे लोक गेल्यावर तू गोड बोलून तिला वळवशील."

बँकेतला मुलगा पहिल्यांदाच बोलला, "बोलू द्या त्यांना. मलाही कळू द्या."

नात म्हणाली, "मी थांबणार आहे. वो जब तक नहीं आता, तब तक."

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. गेट लागल्यावर सून माझ्यावर धावून आली.

"त्याला तिकडे काही झालं तर? जबाबदारी तुम्ही घेणार?"

"नाही घेणार," मी म्हटलं. "बँकेतल्या मुलाची तू घेतली होतीस का?"

ती कपबशा उचलून आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलू दे.