जातीच्या रकान्यात

आबा, म्हणजे माझे वडील, दर नाताळला एकच गोष्ट सांगायचे. मिशनच्या शाळेत त्यांचं नाव घालताना माझ्या आजोबांनी मास्तरांना ठणकावलं होतं, "जातीच्या रकान्यात ख्रिश्चन लिहा. दुसरं एक अक्षर नको." सांगताना आबांची छाती फुगायची. आम्ही पोरं करंज्या खात ऐकायचो.

त्या रकान्यानं मला असं गाठलं की विचारू नका!

मी दुधाचा टेम्पो चालवतो, गाव नेवासा तालुक्यातलं. मुलगी डॉक्टरकीसाठी दुसऱ्यांदा नीटची परीक्षा देत होती. पहिल्या वेळी खुल्या गटात तिची जागा थोडक्यात हुकली होती. आमच्यासारख्या, दलितांतून ख्रिश्चन झालेल्यांना ओबीसीचा दाखला मिळतो, पण आधीची जात जुन्या कागदावर दिसावी लागते. शाळेच्या रजिस्टरात काय? ख्रिश्चन. बस्स.

तहसीलच्या खिडकीवर मी वैतागून म्हणालो, "अहो, गरीब आहोत ना आम्ही? मग गरीब म्हणून द्या की!"

कारकून भला माणूस. म्हणाला, "देता येईल. पण आम्ही मागासवर्गातले नाही, असं लिहून द्यावं लागेल. उद्या कुणी तक्रार केली, तर पोरीची जागा जाईल."

आता घ्या! नाही म्हणावं तर खोटं, आहे म्हणावं तर पुरावा नाही. रस्ता, आड, पंगत, सगळीकडे आमची जात माहीत होती. ती नेमकी कागदालाच माहीत नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही चिडू नका, मी आणखी अभ्यास करते." त्यानं तर मला जास्तच वाईट वाटलं.

शेवटी कारकुनानंच सुचवलं, गावातल्या जुन्या माणसाचा जबाब जोडा. मी शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या पाटलांकडे गेलो. नव्वदीचे, आबांच्या बरोबरीचे. चौकशीला तलाठी आले, तेव्हा पाटील खाटेवर उठून बसले.

"लिवा. ह्याचा आजा आमच्या आडावर चढत न्हवता. खाली वंजळ धरून बसायचा, आन् माजी आई वरनं पानी वतायची. म्या सोताच्या डोळ्यानं बघितलंय."

किती प्रेमानं सांगत होते! मदतच करत होते ते. आणि माझ्या कानशिलात घण बसत होते. चीड आली, लाजही वाटली. पण खरं सांगतो, त्याच वेळी मनात म्हणत होतो, आणखी सांगा पाटील, अजून स्पष्ट सांगा, तलाठ्याचं पेन थांबू देऊ नका. असा कसा मी? अजून उलगडलेलं नाही.

पाटलांनी अंगठा दिला. मी निघालो तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरगी डाक्टर झाली की मला तपासाया आन."

दाखला मिळाला, पडताळणी झाली. यंदा यादीत तिचं नाव लागलं. ती गळ्यात पडून रडली, मीही रडलो.

संध्याकाळी पेढे घेऊन मी दफनभूमीत आबांकडे गेलो. पोरगी डॉक्टर होणार, एवढं सांगितलं. कशी, ते सांगायला तोंडच उघडेना.