घरी न न्यायचं पुस्तक

"मावशी, ही काय भेंडी आहे का, किलोवर घ्यायला?"

लायब्ररीचे सर असं बोलले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी.

मुरबाडच्या एका कॉलेजात मी लायब्ररीची शिपाई. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता. त्या दिवशी केमिस्ट्रीच्या आणि केमिकल इंजिनियरिंगच्या पोरांसाठी पुस्तकं निवडायची मीटिंग होती. परदेशी जाडजूड पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायचं ठरत होतं. मी म्हटलं, "सर, दोनाच्या पैशात ती सोडवलेल्या गणितांची पातळ वीस येतील. पोरं तीच मागतात." एवढंच बोलले होते मी.

आता तुमी म्हणाल, हिला त्यातलं काय कळतं. खरं हाय, आतलं नाय कळत. पण फाटलेलं पुस्तक खळ लावून शिवते कोण? मीच. पातळ पुस्तकाची कड बोटं लागून लागून काळी झालेली, दोरा सुटलेला. जाड पुस्तक उघडलं की अजून नव्यासारखं करकरतं.

जाड आलंच. महाग म्हणून त्यावर शिक्का, 'बाहेर नेण्यास मनाई'. तो मारला मी. माझ्याच हाताने.

टोकावड्याच्या वरच्या वाडीतली एक पोरगी होती, मनीषा. चारची एसटी चुकली तर घर नाय, म्हणून लायब्ररीत बसायला टाइमच नाय तिला. परीक्षेच्या तोंडावर आली. पातळ पुस्तकं होती चार, चारी बाहेर गेलेली. जाडाकडे बोट करून म्हणाली, "मावशी, एक दिवस द्या गो. सकाळच्या गाडीला आणते."

मी शिक्का दाखवला.

ती हसली. "माझ्या घरी काय बाटतंय का पुस्तक?"

नाय दिलं मी. सर ओरडतील म्हणून नाय दिलं. त्याला नियम म्हटलं.

तिचे दोन विषय राहिले. मग ती आलीच नाय. वर्षाने टोकावड्याच्या स्टॉपवर दिसली, डोक्यावर कंपनीची निळी टोपी. मीच मान खाली घातली. तीच बोलली, "मावशी, केमिकलमध्येच हाय गो मी. डब्यांना झाकणं लावते."

तिची गाडी आली, ती गेली. मी तिथेच बसून रडले. लोक बघत होते. बघू दे.

यंदा परत मीटिंग. चहा ठेवला आणि गेले नाय. रिकामी खुर्ची ओढली, बसले. इतक्या वर्षांत पयल्यांदा. म्हटलं, "एका पोरीचं शिक्षण या टेबलावर गेलं. त्यात मी पण होते."

"मावशी, उठा. तुमचं काम करा."

उठले नाय. तरी जाडच ठरलं. पुस्तकं आली तेव्हा सरांनी शिक्का माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

"तुमी मारा."

"मेमो मिळेल."

"द्या. सही येते मला."

मिळाला मेमो.

रिटायर व्हायला दोन वर्षं हायत. दोन मीटिंगा. दोन्हीला मी बसणार. माझं म्हणणं मीटिंगच्या वहीत लिहा म्हणणार, नाय लिहिलं तर पेन मागून घेणार. आणि तोवर जी पोर मागेल तिला पुस्तक घरी देणार, माझ्या नावावर. मनीषाला त्याचा काय उपयोग नाय, ते मला ठाऊक हाय. तरी देणार.