तळघरातली मोरी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही—आणि नवऱ्याला सांगून उपयोग तरी काय, हे ऐकतात कुणाचं? तुम्ही ऐका. मधेमधे माझी समजूत मात्र घालू नका, मला त्याचाच जास्त राग येतो.

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळायची मारामार, आणि आमच्या घरात खूळ निघालं ते तळघराचं! कामठ्याच्या या घराखाली पूर्वी धान साठवायचे. आता तिथं उन्हाळ्यात सगळ्यांनी गारव्याला बसायचं, जेवायचं, मुलांनी अभ्यास करायचा. बेत यांचे, धूळ खाणं, झाडणं, सारवणं माझ्या नशिबी. बसायचा ओटा आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. डोमा गवंडी बांधायचा आणि पाडायचा. शेवटी तोही म्हणाला, "मालक, एकडाव ठरवून घ्या ना."

एक गोष्ट मात्र त्यानं हट्टानं केली. कोपऱ्यात मोरी ठेवली, मागच्या सखल बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरणारी. धानाचा मुलूख, पावसाळ्यात जमिनीतून पाणी पाझरणारच, म्हणाला.

आषाढात त्या मोरीतून बेडूक यायला लागले. एक माझ्या ताटाशी, एक सासूबाईंच्या अंथरुणात! मी घसा कोरडा केला—जाळी बसवा, जाळी बसवा. यांचं एकच, "बघू." बघू म्हणजे काय हो? एक दिवस जुन्या लुगड्याचा बोळा केला, मोरीत कोंबला, वरून माती थापली. कोणाला सांगितलं? नाही. सांगायला हवं होतं? हवं होतं.

मग झड लागली आणि तळघरात गुडघाभर पाणी. ओटा खचला. यांनी डोमाला बोलावून दारातच, चार लोकांसमोर त्याचा पाणउतारा केला. तो एवढंच म्हणत राहिला, "मोरी ठेवली होती ना मी. पानी काऊन साचून राह्यलं?" मी दाराआड उभी होते. एक वाक्य पुरलं असतं—बोलले का?

त्यानं सगळं परत बांधून दिलं, फुकट. पाणी उपसताना बोळा त्याच्या हाती लागला. जिन्यात मी. त्यानं लुगड्याचा काठ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "कुठून तरी वाहत आला असन, बाई."

वाहत? मोरी बाहेर उतरते, आत नाही—हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "असेल."

पुढं त्याला कोणी घराचं काम दिलं नाही. दवनीवाड्यापर्यंत बोभाटा झाला होता. असला कारागीर, लोकांच्या बांधीत रोवणीला, चिखलात धानाची रोपं लावायला जायला लागला. आणि गावाला म्हण मिळाली. कुणाचं छप्पर गळलं, भिंत कलली, की म्हणायचं—"डोमानं बांधलं वाटते."

मागच्या वर्षी शेजारणीची न्हाणीची भिंत ढासळली. आम्ही बायका बघायला जमलो. डोमाची बायको तिथंच अंगणात भांडी घासत होती, मला दिसत होती. आणि ते वाक्य म्हटलं कोणी? मी. सगळ्या हसल्या. ती भांडी घासत राहिली.