सरांच्या नावावर चढलेलं माझं काम

"हिला हात लावू देऊ नका. कोट्यातली आहे, साधं प्रोजेक्ट इम्पोर्ट करता येत नाही."

आमच्या टीमचे प्रमुख, सर, एवढं बोलले आन् माझ्या पुढचा कीबोर्ड ओढून घेतला. धाराशिवच्या आमच्या ऑफिसात आठ जण होते. कॉलवर क्लायंट होता, पण माईक बंद. म्हणून तर जीभ एवढी सैल सुटली. कुणी हसलं न्हाय. कुणी अडवलंबी न्हाय. मला त्याचाच लई राग आला.

मी सास्तूरची. बौद्धाची पोर. सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडणाऱ्या टेस्ट लिहिते. चार महिने लिहिल्या. सगळं काम कंपनीच्या रिपॉझिटरीत ठेवायचं; तिथं कुणी काय लिहिलं ते नावानिशी राहतं. सरांनी माझ्या फायली नुसत्या कॉपी केल्या आन् स्वतःच्या नावानं नवं प्रोजेक्ट चढवलं. माझं नाव गायब. आदल्या दिवशीच मला कळलं होतं. तरी गप बसले. नोकरीत कायम व्हायला त्यांचीच सही लागत होती. लाज वाटते सांगताना.

पण चोरीतबी घाई. टेस्टला लागणाऱ्या चार फायली दुसऱ्या फोल्डरात होत्या, त्या सरांनी उचलल्याच न्हाईत. क्लायंटसमोर ते प्रोजेक्ट इम्पोर्ट करायला, म्हंजे मशीनवर उघडून घ्यायला, सरांनी मलाच बसवलं आन् एकूणएक टेस्ट फेल. खापर फोडायला मी होतेच.

सरांनी माईक चालू केला. "सॉरी, नवीन मुलगी आहे. तिच्याकडून गडबड झाली."

माझं डोकंच सणकलं. चालू माईकवर म्हणलं, "गडबड माझी न्हाय. मूळ प्रोजेक्ट माझं हाय. दाखवते."

सर दबक्या आवाजात म्हणले, "गप बस. तुझी सही बाकी आहे."

"ऱ्हाऊ द्या बाकी."

माझ्या लॅपटॉपवरनं रिपॉझिटरीतलं मूळ प्रोजेक्ट इम्पोर्ट केलं. टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. क्लायंटकडच्या बाईंनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी हिस्ट्री उघडली. चार महिन्यांच्या प्रत्येक बदलापुढं माझं नाव होतं. सर पाण्याची बाटली उघडत बसले.

संध्याकाळी त्यांनी बोलावून सांगितलं, "माफीचा मेल टाक. नाहीतर घरी बस."

आईला फोन केला. ती म्हणली, "माग की माफी, माय. नोकरी कुठं पडलीय?" मी तिच्यावर चिडले न्हाय. दुसऱ्याच्या रानात राबताना तिनं लई जणांची माफी मागितलीय, काही चूक नसताना.

मी मेल लिहिला. माफीचा न्हाय. सर कोट्यावरनं जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिलं, प्रोजेक्ट कसं उचललं तेबी लिहिलं. कंपनीच्या मुख्य ऑफिसाला पाठवला.

सही होणार न्हाय, ठाऊक हाय. उद्या मी ऑफिसात जाणार आन् माझ्या खुर्चीवर बसणार. काढायचंच असंल तर कारण कागदावर लिहून द्यावं लागंल. नुसतं तोंडानं 'जा' म्हणल्यावर मी उठणार न्हाय.