सासरवाडीला दिलेला वजीर

पारगावला सासऱ्यांशी बुद्धिबळ खेळताना मी नियम न विचारता वजीर देऊन बसलो, आणि अजूनही तिथल्यासारखा साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की त्या दुपारची किळस येते. नवं लग्न होतं. एका ग्रँडमास्टरनं वजीर देऊन राजा कोंडला, तो पेपरातला डाव कापून मी महिनाभर मांडून बघत होतो, आणि जेवताना त्याच्या बढायाही मारून झाल्या होत्या. नेमकी तशीच मांडणी समोर आली. सगळं घर बघतंय म्हणून मी ऐटीत वजीर पुढं सरकवला. सासऱ्यांनी तंबाखू मळलेल्या ओलसर बोटांनी तो उचलला, धोतराला पुसला. मी घोडा आणून राजाची उरलेली वाटही बंद केली. "पावणं, आमच्यात शह बसायच्या आधी राजा एकदा घोड्यावानी उडतो," म्हणत त्यांनी राजा अलगद बाहेर काढला. मेव्हण्या हसल्या. मला चमचाभर मळी गिळल्यासारखं झालं. संतापून खिशातलं ते कात्रण मी चुलीत घालायला निघालो, तर बायकोनं ते हातातून काढून घेतलं. आज ते माझ्या पाकिटात आहे, आणि तिचं वाक्य कानात: "त्या माणसानं वजीर द्यायच्या आधी राजा कुठनं कुठनं पळंल ते बघितलं असंल. तुमी नुसतं द्यायचं तेवढं शिकला."